शुक्रवारी आम्ही ऑपरेशन ठेवत नाही

शुक्रवारी आम्ही ऑपरेशन ठेवत नाही.
म्हापशाच्या बाजारात त्या दिवशी गाडी लावायला जागा नसते,
आणि परतताना तुम्हाला गाडी लागेल,
गाडी, आणि ती चालवणारं माणूस.
नवरा नसला तर भाऊ, भाऊ नसला तर शेजारीण.
पायलटच्या मागे बसून जाईन म्हणू नका.

बसा. पंखा लावते.
सही नंतर.
आधी गोळ्यांची नावं सांगा, सगळ्या,
रक्त पातळ करणारी, सांधेदुखीची,
वैद्याच्या पुडीतली, जिला तुम्ही औषध मानतच नाही, तीसुद्धा.
कुठली थांबवायची ते डॉक्टर ठरवतील.
मनाने एकही बंद करू नका.
वजन खरं सांगा.
बधिर करायचं औषध किलोच्या हिशेबाने मोजतात,
तिथे लाज धरली तर हिशेब चुकतो.

आणि वजन याने उतरत नाही, हे आत्ताच ऐकून ठेवा.
कडेचा थोडा आकार बदलतो.
सासूचा स्वभाव बदलत नाही.

झोपवणार नाही तुम्हाला.
आधी पाणी भरू, मिठाचं, औषधाचं.
पोट गार पडेल, टणक होईल,
मानस उघडी राहून भरती आत शिरलेल्या
खाजनातल्या शेतासारखं.
मग नळी. ओढ लागेल, खरवडल्यासारखं वाटेल,
शहाळ्यातली मलई काढताना
शहाळ्याला वाटत असेल तसं.
पण जिभेवर नाण्याची चव आली,
कानात शिट्टी वाजली, ओठ जड झाले,
तर त्याच क्षणी बोला.
सोसायची सवय असेल तुम्हाला,
ती चपलांबरोबर दाराबाहेर काढून या.

जागं माणूस बोलतंच म्हणा.
एस्पेरान्सा फुर्तादो बोलली होती,
हळदोण्याची, तीस वर्षं
दुसऱ्यांच्या लग्नांचे पांढरे झगे शिवलेली.
छताकडे बघत म्हणाली,
सिस्टर, टेप कायम माझ्याच गळ्यात,
आणि स्वतःचं माप घ्यायचं राहूनच गेलं.
मग विचारलं, रंग कसला त्याचा?
पिवळा, म्हटलं, जरासा लाल.
बाटली दाखवली.
बघत राहिली.
इतकंच?
एवढ्यासाठी मी प्रत्येक फोटोत
मागच्या रांगेत उभी राहिले?

घरी जुनी चादर अंथरून ठेवा.
एक-दोन दिवस गुलाबी पाणी पाझरेल, घाबरू नका.
ताप चढला, धाप लागली, एका पोटरीला सूज आली,
तर मात्र रात्र-दिवस बघू नका, फोन करा.
घट्ट पट्टा काही आठवडे, मे महिना असला तरी.
एस्पेरान्साने दहाव्या दिवशी
त्याची टोचणारी शिवण उसवून
आतून सपाट करून आणली.
डॉक्टर रागावले,
मग शिवण उलटसुलट करून बघितली
आणि गप्प झाले.

सूज महिनोन्‌महिने रेंगाळते.
आरशाला रोज विचारू नका.
तिने तिसऱ्या महिन्यात विचारलं म्हणे,
काय उत्तर मिळालं ते सांगितलं नाही,
पण नातीच्या बाप्तिस्म्याचा फोटो आणून दाखवला.
पुढची रांग. डावीकडून दुसरी.
फोटो थोडा हललेला आहे.

तुम्हाला का करायचंय, मी विचारणार नाही.
टेबलावर वेळ पुष्कळ असतो.

उठा, माप घेऊ.
हात जरा वर.
श्वास आत ओढू नका.