काखेतला फोन

चाळीस टक्के दाखवतो आणि तिथेच मरतो.
धक्क्यावर वारा असला की बाहेर काढायचा नाही,
काखेत धरायचा, थंडीत जन्मलेलं कोकरू धरतात तसा.
काचेला वरच्या कोपऱ्यातून तडा गेलाय,
नेमका घड्याळावरून,
त्यामुळे आठ आणि नऊ मला सारखेच दिसतात.
फेरी एकदा माझ्यापायी खोळंबली, तेव्हा कप्तानाने
काय काय म्हटलं ते इथे सांगत नाही.

यास्ना म्हणते, बाबा, घ्या की आता नवा.
तीन डोळे आहेत त्याला, अंधारातलं दिसतं,
पाण्यात पडला तरी चालतो.
मॅगेलनच्या सामुद्रधुनीत पडलेलं काही
पुढे चालताना मी तरी पाहिलं नाही.

तरी गेलो. पुंता अरेनासच्या करमुक्त बाजारात
टायरवाला आणि फ्रीजवाला यांच्या मधलं दुकान.
पोरगा असा, की दाढीचं अजून
यायचं की नाही ते ठरलेलं नाही.
माशाचा कल्ला उचलून बघावा
तसं त्याने माझ्या फोनचं झाकण उचललं.
म्हणाला, बॅटरी फुगलीये, याचे काही येणार नाहीत,
हवं तर एक कव्हर देतो फुकट.

सात वर्षांचं एक कव्हर.

नवा हातात दिला. ओल्या साबणासारखा.
पडदा काळा होता, त्यात मी दिसलो.
तड्याशिवाय स्वतःला बघायची सवय मोडली होती.

विचारलं, यातलं सगळं त्यात जातं?
सगळं, म्हणाला. फोटो, नंबर, पहाटेचे गजर,
तुम्ही चुकीचे लिहिता ते शब्दसुद्धा.
आणि, मी म्हटलं, समजा कुणाला
बंद करून ठेवलं असेल, तर तो?
हे विचारताना मी फ्रीजकडे बघत होतो.
कधी जातं, कधी राहून जातं, म्हणाला.
राहिलं तर पुन्हा करा ब्लॉक. दोन सेकंदांचं काम.

दोन सेकंद. मला हातमोजा दातांत धरून
तेवढेच लागले होते.
बाबांना पुरून आठवडा झाला नव्हता आणि एलिएसेरने
त्यांच्या बोटीचं इंजिन विकलं, मला न विचारता.
पंधरा घोड्यांचं. पैशांचं काय एवढं,
पण ते सुरू करायची खुबी आम्हा दोघांनाच माहीत होती.

तो पोर्वेनीरला राहतो. आमची फेरी तिथेच जाते.
आठवड्यातून सहा वेळा मी त्याच्या किनाऱ्याला
लोखंडी फळी टेकवतो,
ट्रक उतरवतो, मेंढ्या उतरवतो, परत फिरतो.
धक्क्यापासून गाव पाच किलोमीटर.
काखेत कळसा, हे मला कुणी सांगायला नको.

मी उघडणार नाही. तसं बोलून बसलोय,
तेही चार माणसांत.
पण फोनच नवा असला,
यादीच मागे राहून गेली असली,
आणि एखाद्या रविवारी त्याचं नाव वाजलंच,
तर माझ्याकडे काय बोट दाखवणार?
यंत्र आहे. विसरलं असेल.

इथवर सगळं बरोबर जमतं. रात्री पुढचं सुचतं.
चार वर्षांत त्याने किती वेळा केला असेल,
की केलाच नसेल,
हे या फोनमध्ये कळायची सोयच नाही,
इतकं घट्ट बंद केलंय मी.
तीन लाख एकोणनव्वद हजार पेसो मोजून
तीन डोळ्यांचा, सगळी दारं सताड उघडी असलेला फोन आणायचा,
आणि तोही वाजला नाही तर?
जुन्याला निदान कारण आहे.

विचार करा, पोरगा म्हणाला, सूट शनिवारपर्यंत आहे.
कव्हर कुठल्या रंगाचं ते उगाचच विचारून घेतलं.
फोन काखेत घातला, दारापर्यंत आलो.
वारा असा, की दाराला खांदा लावावा लागला.
अर्धा आत, अर्धा बाहेर,
ओरडूनच विचारलं,
शनिवारी बंद किती वाजता करता?