मागची लिफ्ट

इरासी बोंफिमच्या पहिल्या सिनेमात
अकरा मिनिटं नुसती एक लिफ्ट आहे.
रेसिफेच्या समुद्राकाठची चौदा मजली इमारत,
पुढची लिफ्ट आरशांची, मागची पत्र्याची.
मागचीत कचऱ्याचे डबे, धुण्याचे पिळे, कुत्री
आणि कुत्री फिरवणाऱ्या बायका.
आवाज माझा. माइक चपलांच्या खोक्यात.
चौथ्या मजल्यावर कुणीतरी शिंकलं, ते तिनं ठेवलं.
शिंकेला कुठली लिफ्ट कळते, म्हणाली.

लॅबमधून प्रिंट आली तेव्हा
तिची आई, झुल्मिरा, पडद्यावर नव्हतीच.
एक पांढरा एप्रन दारातून आत आला,
दोन डोळे, आणि अधांतरी ट्रे.
लॅबवाला म्हणाला, फिल्मच अशी येते, बाई,
काळं ते काळंच दिसायचं.
ती भांडली नाही.
तिसऱ्या दिवशी खोबरेलाची बाटली आणली,
आईच्या कपाळाला, गालांच्या हाडांना चोळलं,
खिडकीवरची चादर ओढून काढली,
भिंग सताड उघडलं:
आता उजेड हिच्या मापानं.
त्या रिळात मालकिणीचं तोंड
पांढरंफटक जळून गेलं.
तसंच दाखवलं तिनं, गावभर.

पॅरिसात कुणी विचारलं,
तुमचा विषय नेमका वंश की वर्ग?
ती म्हणाली, आईचा कप कान तुटलेला होता,
ओट्याखाली, फिनेलच्या डब्याशेजारी ठेवायचे.
तुम्हीच ठरवा.
दुभाषी बराच वेळ फिनेलपाशी अडखळला.

मग घर झालं. नववा मजला, वारा.
लिफ्टमध्ये कायद्याची पाटी: भेदभावास मनाई.
मारिनाल्वा सकाळी सातला येते
आणि पाटी न वाचता मागच्या दारानं येते.
नऊ वर्षं इरासीनं सिनेमा केला नाही.
गुडघे दुखतात, म्हणायची.

गेल्या शुक्रवारी स्वयंपाकघरात
तिनं कॅमेरा मारिनाल्वाच्या हाती दिला.
घे, तुला हवं ते.
मारिनाल्वानं आधी हात पुसले.
थोडा वेळ इरासीकडे धरला,
मग सिंककडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.
साडेपाचची बस आहे, म्हणाली, आणि बटण दाबलं.

माइक चालूच होता.
किल्ल्या, पिशवीची चेन, पत्र्याचं दार.
ऐकून इरासी म्हणाली, हे ठेवू या.
मी म्हटलं, तिला विचारलंस?
ती हेडफोन कानावरून न काढता म्हणाली,
सोमवारी विचारते.