परतीला एक तास जास्त

ताश्कंद ते सोल, पाच हजार किलोमीटरला थोडं कमी.
जाताना सव्वासहा तास, येताना साडेसात.
काचेच्या भोकातून दिवसाला चाळीसदा सांगतो मी हे,
जीभ आपोआप वळते.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी
एमिलिया ख्वान समोर येऊन बसली.
मांडीवर प्लास्टिकचा डबा, झाकणाला रबर.
कुयल्युक बाजारात उभा जन्म गाजराची कोशिंबीर विकलेली बाई;
नखांच्या कडा अजून केशरी.
"मुलगा आन्सानला असतो. गाड्यांचे दिवे बनवतो.
नात मला फोनपुरती ओळखते.
येताना वेळ जास्त का?"

वारा, मी म्हटलं. वर, फार उंचावर
तो पश्चिमेकडून वाहतो.
जाणाऱ्याला ढकलतो, येणाऱ्याला अडवतो.

"म्हणजे त्यालाही वाटतं, आम्ही तिकडे जावं."
हसली की नाही, कळलं नाही.

पासपोर्ट उघडला. जन्मस्थान: ताश्कंद प्रांत.
"ते खोटं आहे," ती म्हणाली,
भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं.
"सदतीस साली गाव उचललं आमचं, व्लादिवोस्तोकच्या खालचं.
कोरियन तेवढे सगळे. गुरांच्या डब्यात.
महिन्याच्या वर चालली गाडी. आई अवघडलेली.
मी मधेच कुठेतरी झाले.
आई सांगायची, दाराच्या फटीत दिवसभर एकच तळं होतं,
संपेचना.
तळं संपलं आणि तू रडलीस.
उतरल्यावर कारकुनानं विचारलं, पोर कुठली?
आई म्हणाली, वाटेतली.
त्याला जे लिहिता येत होतं ते त्यानं लिहिलं."

मागे कुणीतरी खाकरलं.
मी पडदा तिच्याकडे वळवला, बोटानं रेघ दाखवली:
हे डोंगर, हे वाळवंट, मग चीन, मग समुद्राचा तुकडा.
बैकाल इथं. कितीतरी वर.
आभाळ निरभ्र असलं तरी दिसणार नाही.

"बरं. तरी खिडकीच द्या."

मग थोड्या वेळानं:
"सोल काही आमचं नव्हे. आमचे आजे-पणजे तुमेन नदीपलीकडचे.
तिथं जातं का एखादं?"
मी यादी उघडली, खालपर्यंत गेलो, परत वर आलो.
उत्तर मला आधीच ठाऊक होतं.
तिलाही असावं.

एकेरी की परतीचं?
"परतीचं. पण परत म्हणजे कुठं,
ते लिहावं लागतं का?"
नाही. तारीख पुरते.
"मग गाजरं निघायच्या आतली टाका."

पैसे तिनं दोनदा मोजले, मी एकदा.
तिकीट घडी करून पासपोर्टात,
पासपोर्ट पिशवीत, पिशवी पोटाशी.
उठता उठता डबा काचेजवळ धरला.

"इथं आलो तेव्हा कोबी मिळेना आमच्या बायकांना.
गाजरं होती. त्यांनी गाजरंच चिरली,
तोच लसूण, तेच तिखट.
मागच्या खेपेला मुलानं नेलं थोडं.
घरमालकीण चाखून म्हणाली, छान आहे,
कुठल्या देशाचं?"

वाटेतलं, माझ्या तोंडून निघून गेलं.

ती माझ्याकडे बघत राहिली.
मग रबर पुन्हा ताणून बसवलं,
आणि विचारलं, हातसामानात चालेल ना हे?
पातळ नसेल तर, मी म्हटलं.
"पातळ नाही."
मग चालेल.