पाठकोरे कागद

घणसोली, सेक्टर सात. दुकान गावदेवी झेरॉक्स,
पण बोर्डावर मोठं अक्षर 'सर्व फॉर्म भरून मिळतील' याचं.
सर्व म्हणजे पॅन, रेशन, प्रकल्पग्रस्ताचा दाखला,
आणि दिवाळी सरली की ही बारावीची पोरं.

हर्षाली मढवी स्टुलावर बसते, बॅग मांडीवर.
चार संस्थांची यादी आणि एकच फोटो,
दोन्ही कान दिसणारा.

पहिलीला तिच्याबद्दल काहीच जाणून घ्यायचं नाही.
फक्त आकडा, दशांश चिन्हानंतर सात घरं.
सातव्या घरात कोण राहतं गं, मी विचारलं.
कोणी नाही काका, पण हाकलतात तिथूनच.

दुसरीला आकडा नको. म्हणजे हवा, पण हळू आवाजात.
तिला हवी साडेसहाशे शब्दांत हर्षाली.
'तुम्हाला घडवणारी एखादी अडचण सांगा.'
अडचण केवढी हवी ते कुठे लिहिलेलं नाही.
आणि खाली, लाजल्यासारख्या बारीक टायपात:
घरातलं कोणी आमच्याकडे शिकलंय का?
सरकारी फॉर्मांची सवय, मी लिहिलं, निरंक.
लाल अक्षरं आली. वैध उत्तर निवडा.

तिसरीने कॅमेऱ्यासमोर बसवलं, माझ्याच दुकानात.
मी शटर अर्धं ओढलं, लॅमिनेशनचं मशीन बंद केलं.
पलीकडच्या बाईंनी विचारलं,
भरती-ओहोटी नसती तर घड्याळ लवकर लागलं असतं की उशिरा?
हर्षाली बराच वेळ गप्प. मला वाटलं, गेलं.
मग म्हणाली, माझे वडील घड्याळ घालत नाहीत.
बाई हसल्या.
ते हसणं किती मार्कांचं, मला अजून कळलेलं नाही.

चौथीत सगळं ऐच्छिक होतं. फी सोडून.

निबंध तिने तीनदा लिहिला.
पहिला कच्चा, मराठीत, आधी नीट सुचतं म्हणून.
बापूस खाडीत चिंबोऱ्या धरतो त्याचा.
बिळात हात घालण्याआधी तो तोंडावरची माती बघतो,
ताजी आहे का, नखांच्या खुणा आहेत का.
रिकाम्या बिळात साप भाड्याने राहतो, असं
त्याने तिला सातवीत सांगितलं होतं.
मादीच्या पोटाखाली अंडी दिसली की परत सोडायची.
आय म्हणते, अशानं पाटी कशी भरायची.

वाशीच्या क्लासचे सर म्हणाले, छान आहे,
पण यात नेतृत्व कुठेय?
दुसऱ्या निबंधात तिने खाडीकाठी स्वच्छता मोहीम काढली.
तिसऱ्यात मोहिमेला दोनशे स्वयंसेवक आले.
मी टाइप केलं. मला काय, पानाला वीस रुपये.
एवढंच विचारलं, कधी झाली गं? मी तर गावातच असतो.
ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, काका, स्पेलिंग तपासा.

आमच्या वेळी यादी काचेच्या पेटीत लागायची, कुलूप लावून.
शेवटचा प्रवेश ८४.३३.
मी ८४ वर उभा होतो, काचेत माझं तोंड दिसत होतं.
कारण तरी शेजारीच लिहिलेलं होतं.
आता नाही म्हणणारे आधी आभार मानतात.

एकीने घेतलं तिला. दोघींनी आभार मानले,
एकीचं उत्तर यायचंय.
घेतलं कुठलीने, ते विचारू नका,
पेढा देताना तिनेही सांगितलं नाही,
आणि कुठल्या निबंधाने, हे तर तिलाही ठाऊक नसावं.

पहिल्या निबंधाच्या चार प्रती माझ्याकडून चुकून निघाल्या होत्या.
पाठकोरे कागद मी टाकत नाही, बिलाला वापरतो.
काल तळवलीच्या एका म्हाताऱ्याला
हयातीच्या दाखल्याचे तीस रुपये लिहून दिले.
त्याने कागद उलटला, चष्मा वर सरकवला,
उभ्या उभ्या सगळं वाचलं, ओठ हलवत.
म्हणाला, माती बघतात, बरोबर लिवलंय.
पण वासपण घेतात.
त्यो रायला लिवायचा.