डिझेलच्या धक्क्यावरून

अकरा जून. सकाळचे सहा.
ॲनाकॉर्टिसच्या इंधनधक्क्याला
एकामागे एक लागल्या दोन टगबोटी:
हिरवी 'मिस टिली', तांबडी 'ब्रांट'.
उंच नाक, ठेंगणी चिमणी,
मुलाने चित्रात काढाव्या तशा.
चिमणीतून धूर निघत नाही,
टिलीच्या चिमणीत तर ड्वेन मासेमारीचे बूट वाळवतो.

मी नळी दिली.
ड्वेनने टाकीच्या तोंडाशी कान नेला.
किती भरलं ते आवाजावरून कळतं म्हणतो.
एकोणीस उन्हाळे मी त्याला असं ऐकताना बघतेय,
एकोणीस उन्हाळे थोडं सांडतंच,
आणि मार्लिस आधीपासूनच फडकं घेऊन उभी.
"झालं गं पोरी," तो म्हणतो.
मी बावन्न वर्षांची आहे.

माझ्या आजोबांची टग खरी होती.
लाकडाचे तराफे ओढायची,
एकेक तराफा गावाएवढा,
अख्ख्या रात्रीत दोन मैल, तेही भरतीची मेहेरबानी असली तर.
या दोघी काय ओढतात?
मागे एकेक रबरी होडकं,
आणि छपरावर खेकड्यांचे पिंजरे.
आजोबा थुंकले असते पाण्यात.
मग खिडकीतून आतली शेगडी बघून
म्हणाले असते, कॉफी आहे का?

ब्रांटचं सुकाणू या खेपेला कोराकडे.
लायलचा उजवा हात
हिवाळ्यापासून त्याचं ऐकत नाही.
तो त्याला खिशात ठेवतो,
दंगेखोर पोराला मास्तरांनी
आपल्याशेजारी बसवावं तसा.
कोणी त्याबद्दल बोललं नाही.
ड्वेनने दोर फेकला फक्त,
नेहमीपेक्षा जरा हळू,
आणि कोराने तो एका हाताने झेलला.
दुसऱ्या हातात कप होता.
थेंबही हिंदकळला नाही.

मग गेल्या.
पाण्याला आज ओढ होती,
धक्क्याच्या खांबांशी शेवाळ एका दिशेला झुकलेलं.
त्या तिच्यावर तिरक्या होऊन
बदकिणींसारख्या, घाई नसलेल्या,
फेरीच्या पुढून निघून गेल्या.
फेरीने भोंगा दिला. ड्वेनने टोपी हलवली.

दुकानातला रेडिओ मी अडुसष्टवर लावून ठेवते.
हे कुणाला सांगत नाही.

"ब्रांट, ब्रांट, टिली बोलतेय.
पुढे ओंडका आहे, डाव्या हाताला ठेवा."
"दिसला. वर एक सील बसलंय.
थेट लायलसारखं."
"लायल काय म्हणतो?"
खरखर.
"म्हणतो, सील देखणं आहे."

"चेरी संपवा हं. सरहद्दीवर काढून घेतात."
"तीन पौंड आहेत, मार्लिस!"
"मग बोलू नका. खा."

बराच वेळ काही नाही.
मी दोन पावत्या फाडल्या,
एका पांढऱ्या यॉटला पाणी दिलं.
तिच्या मालकाने नळी वाकडी का म्हणून विचारलं.

मग लायलचा आवाज,
तोंड माइकला अगदी चिकटलेलं:
"ड्वेन. मागे बघतोस ना?
सरळ चालवतेय का ती?"

इंजिनाची घरघर ऐकू आली
आणि तिच्याखाली ड्वेनचा श्वास.
खोटं बोलता येत नाही त्याला,
उधारीच्या वेळी मी बघितलंय.

"तुझ्यापेक्षा सरळ," तो म्हणाला.

"हं," लायल.
थोड्या वेळाने पुन्हा,
"तिला सांगू नको मी विचारलं."
"लायल," कोरा म्हणाली,
"मी इथेच आहे. चार बोटांवर.
ती पिशवी दे इकडे."

पिशवीची चुरचुर.
कुणीतरी बी थुंकलं, नेम चुकला असावा,
कारण काचेवर टिक्
आणि दोन्ही बोटींवरचे चौघं
एकाच वेळी बटण दाबून हसले,
म्हणून अर्धंच ऐकू आलं.

सायप्रस नावाच्या बेटामागे गेल्या तेव्हा
आवाज फाटायला लागला.
"...नांगर... शेजारी बांधू... बटाटे तुमचे..."
मी बटण पूर्ण फिरवलं.
खरखर.
यॉटवाला सही करता करता थांबला:
"एवढं काय ऐकतेस?"

हवामान, मी म्हटलं.