बिनकल्ल्यांचा कोंबडा

एर्मेलिंदा गेल्यावर माझ्या वाट्याला आल्या
अकरा कोंबड्या, दोन कोंबडे, एक गळकं खुराडं
आणि तिने कधीच कुठे लिहून न ठेवलेलं सगळं.

बुदी तळ्याकाठचा जुलै. वारा समुद्रावरून आडवा येतो,
चुलीत ओलं लाकूड नुसतं धुमसत राहतं.
मी टेबलावर अंडी मांडून बसतो:
दोन निळी, एक शेवाळी, एक मातकट,
आणि ताडून बघतो, कुणाचं कुठलं.

ती हात लावून सांगायची.
बसल्या कोंबडीच्या पोटाखाली बोटं सरकवून
"ही आज नाही. ही उद्या दुपारी.
ही थकली आता, हिला त्रास देऊ नकोस."
मी तेव्हा दारात उभा असायचो,
पाऊस कमी व्हायची वाट बघत.

शेजारची उबेरलिंदा थोडंफार शिकवून गेली.
तुरा बघ, म्हणाली.
करवतीसारखा उभा असेल तर भरवसा नको.
ठेंगणा, मटाराच्या शेंगेसारखा, तीन ओळींचा असेल
तर निळं. बहुधा.
शेपटी नाही म्हणून हुरळून जाऊ नकोस,
बिनशेपटीची कोयोंकासुद्धा खुशाल तपकिरी घालते.
आणि कोंबड्याचं विचारूच नकोस,
त्याच्या अंगातला निळा
त्याच्या लेकी अंड्यावर येईपर्यंत कुणाला कळत नाही.

काराउएच्या बाजारात एक बाई नखाने खरवडून बघते.
"रंगवलीत का हो?"
मी एक फोडतो. आतूनही निळं.
मग मातकट फोडतो. आतून पांढरं.
"तपकिरी वरून चढतो, बाई, निळा कवचात मुरतो."
हे वाक्य एर्मेलिंदाचं. मी माझं म्हणून खपवतो.
बाई डझनभर घेते.
फोडलेल्या दोनांचे पैसे देत नाही.

दोन कोंबड्यांतला एक देखणा होता,
गालांवर झुपकेदार कल्ले,
जुन्या फोटोतल्या पणजोबांसारखे.
दुसरा साधा. राखी, बिनकल्ल्यांचा,
दाणे टाकले की सगळ्यांत मागे उभा.
ऑगस्टमध्ये भाऊ आला, तेव्हा साध्याचा रस्सा केला.
बटाटे, भोपळा, मक्याचं कणीस.
चवीला बरा होता.

सप्टेंबरात एक कल्लेवाली खुडूक बसली.
तिच्याखाली बारा अंडी ठेवली,
निवडून, सगळी कल्लेवाल्यांचीच.
म्हटलं, जात राखू.
रात्री टॉर्च लावून बघायचो,
निळं कवच उजेड धड आत जाऊ देत नाही,
दिसायची ती एक सावली, हलल्यासारखी.

एकविसाव्या दिवशी आठ निघाली.
चार तशीच.
आणखी दोन दिवस थांबलो, मग फोडली.
आत पुरती पिल्लं होती, पिसं फुटलेली,
चोच पंखाखाली, डोळे मिटलेले.

उबेरलिंदाने चारही उलटीपालटी करून पाहिली.
"आई कल्लेवाली, बाप कल्लेवाला.
दोन्हीकडून कल्ले आले की पिल्लू कवचातच जातं,
अठराव्या दिवसाच्या आसपास.
म्हणून तर ती तो साधा सांभाळायची.
तुला बोलली नव्हती?"

बोलली असेल.
दारात उभ्या माणसाला.

सफरचंदाच्या झाडाखाली एकच खड्डा खणला.

त्यानंतर तीन वाड्या पालथ्या घातल्या.
साधा कोंबडा आहे का? बिनकल्ल्यांचा?
लोक हसायचे. म्हणायचे, देखणे आहेत की, ते बघा.
आमच्या लग्नात तिच्या बहिणीने
माझ्यासमोरच विचारलं होतं,
"ह्याच्यात काय पाहिलंस गं?"
ती हसली, आणि उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

शेवटी पुएर्तो सावेद्राच्या वाटेवर एका म्हाताऱ्याकडे मिळाला.
राखी. एक नख तुटलेलं.
मी घासाघीस केली नाही.
बसमध्ये डालगं मांडीवर घेऊन बसलो,
आणि खिडकीतून पाणी आत येत होतं त्या बाजूला
माझी टोपी धरून ठेवली.