साका

टाकी क्रमांक तीन. पहाटेचे चार.
बाहेर दौगावा नदी गोठलेली, आणि आत
बारा घनमीटर पाणी, दिसायला अगदी नितळ.
वेल्गा म्हणते, हेच तर वाईट.
गढूळ असतं तर निदान कळलं असतं.

आधी कॉस्टिक सोडते, मग पीएच बघते.
साडेआठ. अजून थोडं.
मग फेरोसायनाइड, मग निकेलचं क्षारपाणी;
फिकट हिरव्या रेषा पात्यांभोवती वळत जातात
आणि पाणी एकदम बिघडतं.

दूध नासावं तसं.
आई जूनच्या सणाला मुद्दाम नासवायची,
शहाजिरं घालून, फडक्यात बांधून,
वर परसातला गुळगुळीत दगड.

इथे फडकं नाही, दगड नाही.
रवी मंद करायची आणि वाट बघायची:
कण कणाला धरतो, जड होतो,
खाली बसायला निघतो.
घाई केली की धरलेलं सुटतं.
हे पुस्तकातलं नाही, वडिलांचं.

सात वाजता वरचं पाणी निवळलेलं.
मोजणीवरचा रोलांड्स चष्मा पुसत सांगतो,
शंभरातला एक उरलाय.
बाकीचे नव्व्याण्णव?
कुठे जाणार! तळाशी, चार बादल्या चिखलात.
"आपण काहीच नाहीसं करत नाही, पोरी,"
अर्विड्स म्हणायचे,
"फक्त बसायला जागा देतो."

चिखल सिमेंटमध्ये. सिमेंट पिंपात. झाकण. चिठ्ठी.

गोदामात मागच्या रांगेत एक पिंप आहे
सत्याऐंशी सालचं. चिठ्ठीवर वडिलांचं अक्षर,
साताच्या पोटातून आडवी रेघ.
सीझियम तीस वर्षांत निम्मं होतं,
म्हणजे त्यातलं निम्म्याहून जास्त गेलं.
वडीलही गेले. हृदय होतं, दुसरं काही नाही;
लोक विचारतात, म्हणून ती आधीच सांगून टाकते.
उरलेल्याचं निम्मं व्हायला पुन्हा तीस,
मग पुन्हा तीस.
तोवर या कुलपाची किल्ली
कोणाकोणाच्या खिशात वाजेल?

हात यंत्रावर ठेवते. हिरवा दिवा.
बूट ठेवते. थांबतो, मग हिरवा.

फाटकाबाहेर, बर्चच्या रांगेखाली
बस यायला अजून अकरा मिनिटं.
थर्मासातल्या चहाने रात्रभरात साका धरलाय.
ती तो हलवत नाही.
वरचा तेवढा पिते.